वर्गासाठी साहित्य संगणकावर तयार करताना : पुन्हा बदलता येईल अशी फाइल कशी करावी

विदर्भातील खेड्यांमध्ये जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळा द्विशिक्षकी आहेत. चार-पाच इयत्ता दोन शिक्षकांमध्ये वाटलेल्या असतात, त्यामुळे एका गटाला शिकवत असताना दुसऱ्या गटाच्या हातात स्वतःचे स्वतः करता येईल असे काम द्यावेच लागते. त्यातही एकाच इयत्तेतील एक मूल गोष्ट सलग वाचते, दुसरे काना-मात्रा लावून वाचण्यापाशी अडलेले असते, आणि मेळघाटासारख्या भागात तिसरे मूल दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कामाच्या गावी जाऊन थेट होळीला परतलेले असते. पाठ्यपुस्तक या तिघांसाठी एकच असते. तीन वेगळ्या स्वाध्यायपत्रिका शिक्षकालाच तयार कराव्या लागतात.

वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर यांसारखा लेखनाचा प्रोग्राम येथे उपयोगी पडतो, कारण एकदा केलेली पत्रिका थोडी बदलून दुसऱ्या गटासाठी, पुढच्या वर्षासाठी किंवा शेजारच्या गावातील शाळेसाठी वापरता येते. हाताने रंगवलेल्या तक्त्याची जागा वर्गात राहायलाच हवी, परंतु पाच मुलांसाठी त्याची पाच रूपे करता येत नाहीत. संगणकावरील पत्रिका मात्र खरोखर बदलता येण्याजोगी राहील की नाही, हे ती टंकताना घेतलेल्या काही साध्या निर्णयांवर अवलंबून असते, आणि एमएस-सीआयटी उत्तीर्ण झालेल्या शिक्षकांनाही हे निर्णय अनेकदा कोणी समजावून सांगितलेले नसतात. त्यांच्या प्रशिक्षणात मेनूंची नावे येतात, मराठी मजकूर आत कसा साठतो हे येत नाही. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

मराठी अक्षर संगणकात कसे साठते

गट साधन केंद्रातून पेनड्राइव्हवर आणलेली फाइल शाळेतील संगणकावर उघडावी आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसावी, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आलेला असतो. फाइल बिघडली असे समजून ती पुसली जाते. प्रत्यक्षात फाइलमध्ये काहीही बिघडलेले नसते.

संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही. तो प्रत्येक अक्षरासाठी एक क्रमांक साठवतो, आणि त्या क्रमांकासाठी पडद्यावर कोणती आकृती काढायची हे फॉन्ट ठरवतो. कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुने फॉन्ट वापरात आले त्या काळी सर्वसाधारण संगणकांवर देवनागरी अक्षरांच्या स्वतंत्र क्रमांकांची सोय नव्हती. त्यामुळे या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकृत्या बसवल्या. कृतिदेवमध्ये ‘कमल’ हा शब्द टंकला, तर फाइलमध्ये डी, ई आणि वाय ही तीन इंग्रजी अक्षरेच साठतात. ज्या संगणकावर कृतिदेव आहे तेथे त्यांच्या जागी क, म आणि ल दिसतात, आणि जेथे तो नाही तेथे जे साठलेले आहे तेच दिसते. शिवाजी फॉन्टने याच इंग्रजी अक्षरांवर वेगळ्या आकृत्या बसवलेल्या असल्यामुळे कृतिदेवमधील मजकुराला शिवाजी फॉन्ट लावला, तर मराठी अक्षरे दिसतात पण शब्द जुळत नाहीत.

युनिकोड या मानकाने हा गोंधळ मुळापासून मिटवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला कायमचा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे आणि देवनागरीसाठी १२८ जागांचा सलग विभाग राखून ठेवलेला आहे. दशमान पद्धतीत क हा २३२५, म हा २३५० आणि ल हा २३५४ आहे. युनिकोडमध्ये ‘कमल’ टंकल्यावर हेच तीन क्रमांक साठतात, मग फॉन्ट मंगल असो, निर्मला असो, नोटो असो की मुक्ता असो. फॉन्ट बदलला तर वळण बदलते, शब्द बदलत नाही. मोबाइलवर टंकलेले मराठी युनिकोडमध्येच असते, म्हणून ते कोणाच्याही मोबाइलवर वाचता येते.

जोडाक्षर आणि वेलांटी यांची साठवण पाहण्यासारखी आहे. ‘क्ष’ ही पडद्यावर एकच आकृती दिसत असली तरी आत क, हलन्त चिन्ह (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आणि ष असे तीन क्रमांक असतात. ‘कि’ मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवताना आधी क येतो आणि नंतर वेलांटी, कारण उच्चारात क आधी आहे. जुन्या टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी उमटवावी लागत असे, आणि कृतिदेवसारख्या फॉन्टांनीही तोच क्रम ठेवला होता. त्या सवयीच्या शिक्षकांना सुरुवातीला हा बदल जड जातो. परंतु पहिली-दुसरीच्या मुलांना आपण अक्षर फोडून दाखवतो तेव्हा नेमका हाच ध्वनींचा क्रम सांगत असतो. मला स्वतःला ही रचना फार समाधान देणारी वाटते, कारण यंत्राने येथे लिपीच्या दिसण्यापेक्षा भाषेच्या बोलण्याला मान दिला आहे.

जुन्या फॉन्टमधील प्रश्नपत्रिका टाकून देण्याची गरज नाही. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात. मात्र रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्याकडे लक्ष ठेवून मजकूर एकदा पूर्ण वाचावा लागतो, कारण चुका बहुधा याच जागी राहतात. पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफमधून उतारा कॉपी केल्यावर काना-मात्रा विस्कटतात, त्याचेही कारण जवळचेच आहे. पानावर कोणती आकृती कोठे छापायची हे पीडीएफ अचूक जपते, पण त्या आकृत्यांमागील अक्षरांचा क्रम तिच्यात नीट नोंदवलेला असेलच असे नाही. असा उतारा हाताने टंकणे बहुतेक वेळा लवकर होते.

फॉन्ट निवडताना लहान मुलांच्या शिक्षकाने आणखी एक गोष्ट तपासावी. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांपेक्षा वेगळी आहेत, आणि अनेक युनिकोड फॉन्ट आपोआप हिंदी वळण दाखवतात. मोठ्यांना त्याने फरक पडत नाही. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला पडतो. पुस्तक आणि पत्रिका शेजारी ठेवून ही दोन अक्षरे जुळवून पाहावीत. काही फॉन्टांमध्ये मजकुराची भाषा म्हणून मराठी निवडली की वळण आपोआप बदलते.

टंकण्याची पद्धत

युनिकोड मराठी टंकण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारी उच्चारानुसारी पद्धत, मोबाइलवरील किंवा संगणकावरील बोलून टंकणे, आणि इन्स्क्रिप्ट हा कळफलक. तिन्हींतून साठणारे क्रमांक तेच असल्यामुळे कोणत्याही मार्गाने चालते. तरीही ज्यांना दर आठवड्याला साहित्य करायचे आहे त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

इन्स्क्रिप्ट १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी प्रमाण कळफलक म्हणून ठरवण्यात आला आणि आज तो विंडोजमध्ये तसेच लिनक्समध्ये आधीपासून असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट जेथे मोबाइलची रेंज शोधत शाळेच्या ओट्यावर यावे लागते तेथे महत्त्वाची आहे. त्याची मांडणी आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. इंग्रजी के या कळीवर क आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ख येतो. एचवर प आणि शिफ्टसह फ, एलवर त आणि शिफ्टसह थ. डी ही कळ हलन्ताची आहे, त्यामुळे के, डी, के असे दाबले की ‘क्क’ तयार होते. एनवर ल आहे आणि शिफ्टसह ळ. अल्पप्राण-महाप्राणाच्या जोड्या ज्यांनी वर्गात वर्षानुवर्षे शिकवल्या आहेत त्यांना हा कळफलक लवकर बसतो.

बोलून टंकण्याचा उपयोग लांब गोष्टीचा पहिला मसुदा करण्यासाठी होतो. विरामचिन्हे आणि वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतील शब्द त्यातून बरोबर येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

स्पेसबारने केलेली मांडणी

बदलता न येणाऱ्या फाइलीचे सर्वांत मोठे कारण स्पेसबार हे आहे. शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी वीस वेळा स्पेस, जोड्या लावण्याच्या प्रश्नात दुसरा स्तंभ उभा करण्यासाठी पुन्हा स्पेस, उत्तराची रेघ काढण्यासाठी ओळभर टिंबे, नवे पान आणण्यासाठी एंटर, एंटर, एंटर. छापलेल्या कागदावर हे ठीक दिसते. पण दुसऱ्या गटासाठी अक्षर १६ पॉइंटवरून २८ पॉइंटवर नेले (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग), किंवा दुसऱ्या संगणकावर वेगळा फॉन्ट लागला, की सगळ्या जागा सरकतात आणि शिक्षक पहिल्यापासून टंकायला बसतो. जागा ही अक्षरांनी भरून काढायची नसते, तर प्रोग्रामला सांगायची असते.

मध्यभागासाठी मध्यभाग ही आज्ञा आहे. नव्या पानासाठी पेज ब्रेक आहे. उत्तराच्या टिंबांच्या रेघेसाठी ओळीच्या उजव्या टोकाला टॅबची जागा ठरवून तिच्या आधी टिंबे भरण्याचा पर्याय निवडावा. मग टॅब कळ एकदा दाबली की रेघ नेमकी समासापर्यंत जाते आणि प्रश्न लहान-मोठा झाला तरी तेथेच थांबते.

यापेक्षाही अधिक वेळ वाचवते ती स्टाइल. आपल्या पत्रिकेत सहसा चारच प्रकारचा मजकूर असतो : शीर्षक, सूचना, प्रश्न आणि मुलाने वाचायचा उतारा. प्रत्येक प्रकारासाठी एक स्टाइल तयार करावी, तिच्यात अक्षराचा आकार, ओळींमधील अंतर, समास हे सारे ठरवावे, आणि टंकताना परिच्छेदाला फक्त स्टाइलचे नाव द्यावे. त्यानंतर उताऱ्याचे अक्षर मोठे करायचे असल्यास स्टाइलमध्ये एकच आकडा बदलावा लागतो आणि दहा पानांतील सर्व उतारे एकदम बदलतात. वाचायला नुकतेच शिकणाऱ्या गटाची पत्रिका आणि सलग वाचणाऱ्या गटाची पत्रिका एकाच फाइलीतून निघू शकते ती अशी.

येथे मराठीपुरती एक अडचण येते. वर्ड आणि लिबरऑफिस हे दोन्ही प्रोग्राम इंग्रजी मजकुराचा फॉन्ट व आकार आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट व आकार वेगवेगळे लक्षात ठेवतात. स्टाइलमध्ये आकार २८ केला तरी मराठी अक्षर जागचे हलत नाही, याचे कारण बदल इंग्रजीच्या रकान्यात झालेला असतो. वर्डच्या फॉन्ट खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या नावाचा वेगळा भाग असतो. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करावे लागते आणि मग तसा वेगळा भाग दिसू लागतो. मराठीचा आकार तेथे बदलावा. हे माहीत नसल्यामुळे स्टाइल मराठीत चालत नाहीत असा समज पसरलेला मी पाहिला आहे, आणि त्या समजामुळे एक फार उपयोगी साधन शिक्षकांच्या हातून निसटते.

ओळींमधील अंतराबाबतही देवनागरीची गरज वेगळी आहे. अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार असतात. अंतर एक्झॅक्टली या पर्यायाने ठरावीक पॉइंटांत बांधून टाकले तर ‘कुर्‍हाड’, ‘मूर्ती’ अशा शब्दांतील वरची किंवा खालची चिन्हे कापली जातात. त्याऐवजी दीडपट किंवा तत्सम प्रमाणातील अंतर घ्यावे.

स्तंभ, जोड्या, बाराखडी, शब्दकार्डे या सर्वांसाठी टेबल वापरावे. शब्दकार्डांचे एक माप येथे देतो, ते थेट वापरता येईल. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर समास ठेवला तर १८ बाय २६.७ एवढी जागा उरते. त्यात दोन स्तंभ आणि चार ओळींचे टेबल करावे, स्तंभाची रुंदी ९ आणि ओळीची उंची ६.५ सेंटिमीटर पक्की ठरवावी, आणि मजकूर खान्याच्या मध्यभागी ठेवावा. एका कागदावर सारख्या मापाची आठ कार्डे मिळतात आणि खान्यांच्या रेघांवर कात्री चालवता येते. चित्र घालायचे असल्यास ते खान्यातच आणि मजकुराच्या ओळीत बसवावे. मोकळे सोडलेले चित्र एक शब्द वाढला तरी दुसरीकडे उडी मारते.

याच टेबलाला विद्यार्थ्यांच्या यादीची फाइल जोडून मेल मर्जने, म्हणजे यादीतील एकेक नाव ठरलेल्या जागी आपोआप भरणाऱ्या सोयीने, नावपट्ट्या काढता येतात. पहिलीत दाखल झालेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत हातात मिळणे फार मोलाचे असते.

झेरॉक्सच्या दुकानापर्यंत

अनेक शाळांत प्रिंटर नसतो किंवा असला तरी शाई नसते. फाइल तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानात जाते, आणि तेथील संगणकावर आपला फॉन्ट नसल्यामुळे मांडणी बदलते. यासाठी छपाईला नेहमी पीडीएफ द्यावी. पीडीएफ करताना फॉन्ट तिच्यातच समाविष्ट होतो, त्यामुळे पान जसे केले तसेच निघते.

खर्च वाचवण्यासाठी ए४ कागदावर दोन पाने बसवून मधून कापण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण त्यात अक्षर मूळ आकाराच्या सुमारे ७१ टक्के होते हे लक्षात ठेवावे लागते. २८ पॉइंटचे अक्षर कागदावर २० पॉइंटचे उरते. पहिली-दुसरीसाठी कागदावर प्रत्यक्ष उतरणारे अक्षर २४ पॉइंटच्या खाली जाऊ नये असे मला वाटते, आणि वाचनपट्टी भिंतीवर लावायची असेल तर हा हिशेब पूर्ण वेगळा होतो. रंगीत फोटो आणि करड्या छटा झेरॉक्सवर काळ्या डागांसारख्या येतात. गिरवण्यासाठी फिकट करड्या रंगात केलेली अक्षरे तर कित्येकदा उमटतच नाहीत. रेघांची साधी चित्रे आणि ठळक काळा मजकूर हाच भरवशाचा मार्ग.

लाईन केव्हाही जाते, त्यामुळे दर दोन-तीन ओळींनंतर कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय लावावी. वर्डमध्ये आपोआप जतन होण्याचे अंतर मुळात १० मिनिटांचे असते. ते सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांवर आणावे.

फाइल बदलताना

गणिताच्या पत्रिकेत कोल्हापूरच्या उसाचे उदाहरण असेल आणि आपल्या गावात कापूस, तूर आणि सोयाबीन असेल, तर ते बदलणे हे शिक्षकाचे कामच आहे. शोधा आणि बदला ही आज्ञा येथे हाताशी असते, परंतु मराठी नामांचे सामान्यरूप तिला कळत नाही. ‘ऊस’ शोधल्यास ‘उसाचा’, ‘उसाला’ हे शब्द सुटून जातात, आणि बदलात ‘कापूस’ दिल्यास ‘कापसाचा’ हे रूप ती स्वतः तयार करू शकत नाही. म्हणून मूळ शब्द आणि सामान्यरूप अशा दोन फेऱ्या कराव्यात : एकदा ‘ऊस’च्या जागी ‘कापूस’, नंतर ‘उसा’च्या जागी ‘कापसा’. सर्व एकदम बदलण्याऐवजी एकेक पाहून बदलावे, कारण तीच अक्षरे दुसऱ्या एखाद्या शब्दाच्या पोटातही असू शकतात. ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ ही अक्षरे दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतात. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत. शब्द समोर दिसत असून सापडत नसेल तर हे कारण तपासावे.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या काही भागांत कोलामी बोलणारी मुले शाळेत येतात, आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हे सारे अधिकच महत्त्वाचे आहे. घरची भाषा आणि मराठी शेजारी-शेजारी असलेली शब्दकार्डे बाजारात विकत मिळत नाहीत. दोन स्तंभांचे टेबल करून एका स्तंभात मराठी शब्द टंकावा आणि दुसरा मोकळा ठेवून तो मोठ्या मुलांना किंवा पालकांना विचारून देवनागरीत भरावा. उच्चार गावागणिक थोडा बदलतो, त्यामुळे पहिल्या वर्षी केलेले शब्द दुसऱ्या वर्षी दुरुस्त करावे लागतील. ते एका गावात एक आणि दुसऱ्या गावात वेगळे ठेवावे लागतील. अशा साहित्याला बदलता येणारी फाइलच हवी.

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन तास या कामाला द्यावेत असे मी सुचवेन. प्रत्येक शिक्षकाने आपण हाताने लिहिलेली एक जुनी पत्रिका आणावी आणि तीच संगणकावर करावी; नमुन्याचे पत्र किंवा अर्ज टंकण्यात वेळ घालवू नये. तयार झालेले साहित्य एकमेकांना देताना पीडीएफबरोबर मूळ फाइलही द्यावी, आणि फाइलीच्या नावात इयत्ता, विषय आणि घटक लिहावा. मग दुसऱ्या शाळेतील शिक्षकाने ती आपल्या संगणकावर उघडून एक प्रश्न वाढवावा, एक काढावा आणि उताऱ्याचे अक्षर मोठे करून पाहावे. मांडणी जागच्या जागी राहिली, तर फाइल नीट झाली आहे. हलली, तर ती कोठे हलली ते दोघांनी मिळून शोधावे. बहुधा तेथे स्पेसबार वापरलेला असतो.